आठ फटी

“काका, हा फोटो आहे,” पत्रे कापण्याच्या कारखान्यातली सुवर्णा मगदूम म्हणाली. “आमचं मशीन फोटो कापत नाही.”

“पण त्यात अक्षरं आहेत ना?” मी विचारलं.

“ती तुम्हाला दिसत्यात. मशीनला दिसत नाहीत. हे बघा.”

तिने माउसचं चाक फिरवलं. पडद्यावर आमच्या वाचनमंदिराची जुनी लाकडी पाटी होती. पाटीवरचा ‘व’ मोठा होत गेला. आधी त्याची कड धुरकट झाली, मग तिला पायऱ्या पडल्या आणि शेवटी नुसते तांबडे-करडे चौकोन उरले, फरशी बसवल्यासारखे. ‘व’ कुठे गेला ते कळेना.

“जेपीजी म्हणजे हे असं. चौकोन नुसते. आता कापायचं कुठून? ह्या चौकोनातनं का त्या?”

मी पेनड्राइव्हचं टोपण शोधू लागलो. कुणी काही विचारलं आणि उत्तर येत नसलं की मी काहीतरी शोधू लागतो. ती माझी शाळेपासूनची सवय आहे. तिला बहुधा माझी दया आली. तिने दुसरी फाइल उघडली. कुणाच्या तरी बंगल्याच्या फाटकासाठी काढलेला मोर होता.

“आता हा बघा.”

चाक फिरलं. मोराचं डोकं पडदाभर झालं, मग नुसता डोळा, मग डोळ्याची एक कड. कड नव्या ब्लेडने कापल्यासारखी. ती आणखी मोठी झाली, तरी तशीच.

“अजून?” सुवर्णाने विचारलं.

“अजून.”

“अजून?”

“हे कुठपर्यंत जातं?”

“माझं बोट दुखेपर्यंत,” ती म्हणाली आणि हसली.

मला हसू आलं नाही. एकतीस वर्षं मी ग्रंथपाल होतो. जुन्या पुस्तकांतली चित्रं भिंगाखाली पाहण्याचा मला नाद होता, आणि भिंगाखाली शेवटी सगळ्याच चित्रांचे ठिपके होतात हे मला पाठ होतं. जवळ गेलं की वस्तू तुटते, असं मी धरून चाललो होतो. ही रेघ तुटत नव्हती.

“कसं काय?” मी विचारलं. आवाज जरा मोठाच निघाला असावा, कारण मागे पत्रे उचलणाऱ्या दोघांनी वळून पाहिलं.

“ह्यात चित्र नसतंच, काका. चित्र कसं काढायचं ते लिहिलेलं असतंय. इथून नीघ, असं वळ, तिथे थांब. तुम्ही जवळ गेलासा की ते पुन्हा नव्यानं काढतंय. मग फाटेल कसं?”

तिने एका चलनाच्या पाठीमागे मला चार ओळी लिहून दिल्या. तो कागद अजून माझ्याजवळ आहे. मूळ काम एसव्हीजीमध्ये, म्हणजे रेघांच्या फाइलमध्ये, ठेवायचं, त्याला धक्का लावायचा नाही. मशीनसाठी त्यातूनच डीएक्सएफ काढायची. छापखान्याला पीडीएफ. ईमेलने दाखवायला पीएनजी. खाली दोनदा अधोरेखित करून लिहिलं होतं : ‘जाडी नको, कड काढा.’

“मशीनला जाड रेघ कळत नाही,” ती म्हणाली. “ते कडेकडेनं चालतंय. अक्षराच्या भोवती फिरून यायचं, जिथून निघाला तिथंच. एवढं करून आणा. पुढच्या गुरुवारी पुठ्ठ्यावर कापून बघू, शुक्रवारी पत्रा. शनिवारी आमच्या औद्योगिक वसाहतीत वीज बंद असते, तेव्हा शुक्रवारी दुपारी चारनंतर मला सांगू नका.”

हे दोन हजार अकरा सालच्या फेब्रुवारीतलं. मी तेव्हा सहासष्ट वर्षांचा होतो. संगणकावर मला पुस्तकांची यादी करता येत होती, आणि तीही हळू.

या भानगडीत मी पडलो कसा, ते सांगायला हवं. गडहिंग्लजच्या आमच्या वाचनमंदिराला तेव्हा पूर्वेकडे तोंड असलेली नवी इमारत मिळाली होती. दारावर सहा फूट लांब, दीड फूट उंच असा एक झरोका सोडला होता. नावाची पाटी तिथे बसायची होती. जुनी पाटी वाळवीने मागून खाल्ली होती. उचलताना तिचा भुगा सांडत होता. कार्यकारिणीच्या बैठकीत अध्यक्ष शिंत्रे वकील म्हणाले, “फ्लेक्स करू. संगणकात शंभर तऱ्हेची अक्षरं पडलीत. एक निवडायची आणि मोकळं व्हायचं.”

मी निवृत्त झाल्यावरही बैठकांना जात असे. चहा झाल्यावर कपबशा गोळा करीत असे. त्या दिवशी मी म्हणालो, “पेंटरचीच अक्षरं लावावीत असं मला वाटतं. नव्या पत्र्यात कापून.”

सगळे माझ्याकडे पाहू लागले.

“देशिंगकर बोलले!” शिंत्रे वकिलांनी टेबलावर थाप मारली. “लिहा हो, इतिवृत्तात लिहा. चौतीस वर्षांत पहिल्यांदा.”

“सदतीस,” कुणीतरी दुरुस्ती केली. खूप हसले सगळे.

“ठीक आहे,” वकील म्हणाले. “जबाबदारी तुमची. रविवारी वीस तारखेला उद्घाटन. शनिवारी सकाळी पत्रा भिंतीत बसलेला दिसला तर तुमचा. नाहीतर माझा फ्लेक्स. तो मी आजच छापून ठेवतो, कारण मी तुम्हाला ओळखतो.”

मीही मला ओळखत होतो.

पेंटर म्हणजे गुलाब नायकवडी. गावात असा एक दवाखाना, अशी एक दूध संस्था, अशी एक पिठाची गिरणी नव्हती जिच्यावर त्याचा ब्रश फिरला नाही. वाचनमंदिराची पाटी त्याने एकाहत्तर साली रंगवली. चौऱ्याहत्तरमध्ये मी नोकरीवर रुजू व्हायला आलो तेव्हा त्या पाटीखाली अर्धा तास उभा होतो. आत जायचा धीर होत नव्हता. समोरच्या सायकल दुकानाच्या शिडीवरून आवाज आला, “आत जा की गा! अक्षरं चावत न्हाईत.” तो गुलाब. आमची ओळख तेव्हापासूनची. तो मला ‘देशिंगकर’ म्हणायचा आणि अरेतुरे करायचा. मी त्याला गुलाबभाई म्हणायचो.

मी सांगतोय त्या वर्षी त्याला कंपवात होऊन सात वर्षं झाली होती. हात तर गेलाच होता, पण मानही छातीकडे वाकून घट्ट झाली होती. चालताना त्याला फक्त जमीन दिसे. गावभर त्याच्या पाट्या होत्या आणि त्यातली एकही त्याला वाचता येत नव्हती. वर बघायचं तर आडवं पडावं लागे.

मी परवानगी मागायला गेलो तेव्हा तो अंगणात बसला होता. माझ्या चपलांवरून त्याने मला ओळखलं.

“देशिंगकर, टाच झिजलीया.”

“गुलाबभाई, तुझी अक्षरं पत्र्यात कापून घेतोय. नव्या इमारतीवर.”

“कोण कापणार? तू?”

“मशीन.”

“त्याचा हात थरथरत न्हाई न्हवं?”

“नाही.”

“मग कर.” मांडीवरचा हात आपला हलतच होता. “एक कर पण. हाय तसं कर. त्यात तुझं डोकं घालू नगंस.”

“नाही घालणार.”

“आन लावल्यावर मला बघायला बलवू नगं. माझी मान वर हुत न्हाई. उगं लोकं धराय येत्यात, दोन्ही बाजूनं, देवाचा मुखवटा धरल्यागत. मला लाज वाटती.”

मी हो म्हणालो. पण त्याला ती पाटी दिसावी एवढीच खरं तर माझी इच्छा होती. कशी दिसणार ते मला माहीत नव्हतं. शिंत्र्यांचा फ्लेक्स चढला की मात्र ती कधीच दिसणार नव्हती, कुणालाच. जुनं लाकूड बंबात जायचं होतं. म्हणून आधी एवढं करावं, असा माझा हिशोब.

नऊ दिवस मी वाचनमंदिराच्या संगणकाजवळ बसलो. पाटीचा फोटो खाली ठेवायचा आणि वरून अक्षराच्या कडेने बिंदू टाकत जायचं. प्रत्येक बिंदूला दोन बाजूंना दोन दांड्या फुटतात. दांडी ओढली की रेघ वळते. पहिल्या दिवशी माझा ‘व’ बटाट्यासारखा झाला. मी जिथे वळण दिसेल तिथे बिंदू टाकत होतो, चाळीस-पन्नास. चौथ्या दिवशी समजलं की बिंदू जितके कमी तितकी रेघ खरी. गुलाबच्या ‘व’च्या पोटाला बाहेरून चारच पुरले. चार बिंदूंवर ते पोट असं फिरून आलं की मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. त्याचा ब्रश जिथे टेकला, जिथे वळला, जिथे उचलला, तिथेच ते बिंदू बसत होते. मी ते ठरवत नव्हतो. मला ते सापडत होते.

सहाव्या दिवशी माझ्या हातून एक चूक झाली. एसव्हीजी फाइलवर भलतीकडेच टिचकी पडली आणि ती साध्या मजकुराच्या खिडकीत उघडली. मला वाटलं, काम बिघडलं. मग पाहिलं तर पडदाभर ओळी होत्या. इंग्रजी अक्षरं आणि आकडे. एक एम, पुढे दोन आकडे. मग सी, पुढे सहा आकडे. पुन्हा सी.

मी बराच वेळ ते पाहत बसलो. मग सुवर्णाचं बोलणं आठवलं. एम म्हणजे ब्रश इथे टेकव. सी म्हणजे इथून तिथवर असं वळून जा. मी एक-एक ओळ वाचू लागलो आणि माझा हात हवेत आपोआप फिरू लागला. ते चित्र नव्हतं, लिखाण होतं. गुलाबचा हात थरथरायला लागण्याच्या कितीतरी आधी, तिशी-पस्तिशीत, कसा फिरला होता, ते तिथे शब्दांत लिहून ठेवलेलं होतं, आणि मला ते वाचता येत होतं. जन्मभर मी वाचत आलो, पण असं काही वाचलं नव्हतं. वाचकांपैकी कुणी पाहिलं तर म्हातारा काय हातवारे करतोय म्हणेल, म्हणून मी ती खिडकी बंद केली. रोज मात्र एकदा उघडून बघत असे.

आणखी एक केलं. जुन्या पाटीवर आठ ठिकाणी रंग उडाला होता. ‘व’च्या पोटाला दोन फटी, ‘च’ला दोन, वेलांटीच्या कमानीला दोन, ‘म’च्या गाठीला एक, आणि शिरोरेषा एके ठिकाणी, ‘न’च्या डोक्यावर, बोटाएवढीही नाही अशी तुटलेली. एकतीस वर्षं मी ती पाटी फडक्याने पुसत आलो होतो आणि प्रत्येक वेळी त्या फटी पाहून मला वाईट वाटायचं. आता माझ्या हाती साधन होतं. पुस्तकातली फाटकी पानं सांधायची माझी सवय. मी आठही फटी बुजवल्या. कुठे जोड दिसू नये म्हणून बिंदू सरकवून रेघ सारखी केली. इतकं नीटस काम मी आयुष्यात केलं नव्हतं. गुलाबला सांगितलं तर खूश होईल, असंही मनात आलं.

गुरुवारी फाइल घेऊन गेलो. सुवर्णाने उघडली आणि पडद्याकडे डोळे बारीक करून पाहिलं.

“काका, कुठाय?”

पडद्याच्या मधोमध एक ठिपका होता. तिने चाक फिरवलं. ठिपक्यात ‘वाचनमंदिर’ होतं, अख्खं, पावणेतीन इंच लांब.

“डीएक्सएफला माप ठाऊक नसतंय. नुसते आकडे जातात. बहात्तर लिहिलंय, पण बहात्तर काय? तुमचे इंच, आमच्या मशीनचे मिलिमीटर.” तिने एसव्हीजी मागितली, मिलिमीटर निवडून पुन्हा डीएक्सएफ काढली. या वेळी माप बरोबर आलं, पण ‘व’च्या पोटाला कोपरे दिसू लागले, षटकोनी वाटीसारखे. “आता वळणाच्या जागी सरळ तुकडे आले. त्यापुढची ही टिकमार्कची खूण काढून टाका बघू. हां. आता वळण वळणच राहील.”

मी सगळं वहीत लिहून घेत होतो.

“छान काढलंय हं,” ती म्हणाली. “खरंच. बिंदू किती कमी टाकलेत.”

माझे कान गरम झाले.

मग तिने निम्म्या मापाचा पुठ्ठा ठेवला आणि यंत्र चालू केलं. प्रकाशाचा एक बारीक दाणा पुठ्ठ्यावरून पळू लागला. तो ‘व’च्या बाहेरून फिरला, मग पोटातून फिरून आला, आणि पोटातला पुठ्ठा खाली पडला. मग ‘च’चा पडला. मग वेलांटीच्या कमानीखालचा, मग ‘म’च्या गाठीतला, वाटाण्याएवढा. सुवर्णाने पुठ्ठा उचलून खिडकीसमोर धरला. ‘व’ नव्हता. एक भोक होतं, पानासारखं. ‘च’ म्हणजे दुसरं भोक. शिरोरेषेची लांब खाच पडल्यामुळे पुठ्ठ्याचा खालचा भाग जिभेसारखा लोंबत होता.

“अगं बाई,” ती म्हणाली. “माझ्याही लक्षात आलं नाही. आतला भाग कशाला तरी धरून पाहिजे ना. टाके द्यायला लागतील.”

“टाके म्हणजे?”

“बारीक पट्ट्या. आतलं बाहेरच्याला बांधायचं. मी टाकते, दोन मिनिटांचं काम.”

तिने प्रत्येक अक्षरातून वरून खाली एकेक सरळ पट्टी ओढली. गजाआड ठेवल्यासारखी दिसू लागली अक्षरं. माझा चेहरा दिसत असणार.

“आवडलं नाही ना? मग तुम्ही सांगा कुठं द्यायचे ते. उद्या चारपर्यंत. नाहीतर हे असंच कापते.”

परतीच्या एसटीत तो पुठ्ठा माझ्या मांडीवर होता. त्यातून माझं धोतर दिसत होतं. शिंत्रे वकील म्हणाले तेच खरं, असं वाटत होतं. मी डोकं घालायला नको होतं. पण डोकं घातलं तरी कुठे होतं मी? फक्त फटी...

तिथे मी थांबलो. पुठ्ठ्यात भोकं पडली होती त्या जागा मी बोटांनी मोजल्या. व. च. वेलांटी. म. आणि जिथून जीभ लोंबत होती ती शिरोरेषा.

एसटीतून उतरलो तो तडक नव्या इमारतीत गेलो. जुनी पाटी व्हरांड्यात भिंतीला टेकवून ठेवली होती. उन्हं उतरायला आली होती. मी खाली बसलो, चष्मा पुसला आणि ‘व’च्या पोटातल्या फटीवरून नख फिरवलं.

रंग उडाला की कड खडबडीत राहते, पापुद्रा नखाला लागतो. इथे काही लागलं नाही. फटीच्या दोन्ही बाजूंना रंगाची कड गोल, गुळगुळीत होती. ब्रश तिथे थांबला होता, उचलला होता आणि पलीकडे पुन्हा टेकला होता. दुसरी फट पाहिली, तिसरी. आठही तशाच. पट्टीने मोजल्या, सगळ्या आठ-आठ मिलिमीटरच्या, शिरोरेषेवरची तेवढी बारा. आणि प्रत्येक फट अक्षर जिथे जड होतं तिथे नव्हती, जिथे हलकं होतं तिथे होती.

एकतीस वर्षं मी यावरून फडकं फिरवलं होतं.

सकाळी सात वाजता मी गुलाबच्या अंगणात होतो.

“आज पायात चप्पल न्हाई,” तो म्हणाला. खरंच विसरलो होतो.

“गुलाबभाई, त्या फटी तू मुद्दाम ठेवल्यास?”

“कंच्या?”

“पाटीवरच्या. आठ.”

तो हसला. त्याचं हसू त्याच्या छातीकडेच गेलं. “मग काय, उंदरानं कुरतडल्यात? साखर कारखान्यात पोत्यावर नाव मारायचे पत्रे मी कापायचो, पंचवीस वर्षांचा हुतो. आतलं सुटू द्यायचं नसंल तर फट सोडायची, आन ती अशी सोडायची की नजरंला टोचू ने. आपलं जे अण्णा मास्तर हुते, वाचनमंदिर काढलं त्यांनी, ते म्हणाले, गुलाब, दारावर पत्रा लावू, आत कंदील. लाईट गेली तरी रस्त्यावनं नाव दिसलं पायजे. मी आराखडा काढला. लोहार म्हणाला, छन्नीनं असली वळणं व्हायची न्हाईत, पत्रा फाटंल. मग मास्तर म्हणाले, लाकडावर रंगव.”

“मग रंगवताना फटी का ठेवल्यास? रंगाला कशाला लागतात?”

“आराखडा कापायचा हुता. तो बदलायचा कशाला? आज न्हाई तर उद्या कुणीतरी कापंलच की.” त्याने हात दुसऱ्या हाताने दाबून धरला. “का? काय झालं?”

मला सांगणं भाग होतं. “मी बुजवल्या, गुलाबभाई. मला वाटलं रंग उडालाय.”

दाबून धरलेला हात त्याने सोडून दिला.

“इतकी वर्षं रोज बघत हुतास,” तो म्हणाला. “आन तुला वाटलं, गुलाबचा रंग उडतो?”

“चुकलो.”

“जा, उघड जा. आन चप्पल घाल. काटं हाईत.”

फाइलमध्ये फोटो खाली तसाच होता, पण त्यातली फट तीन चौकोनांची. तिच्यावरून कड ठरेना. मी लाकडावर मोजलेले आकडे घेतले आणि आठ जागी रेघ तोडून पुन्हा उघडली. काम झाल्यावर मजकुराची खिडकी उघडून पाहिली. ‘व’च्या ओळींत जिथे आधी अखंड वळण होतं, तिथे आता एम होता. ब्रश उचल, इथे टेकव. गुलाबने उचलला होता तसाच. मग एसव्हीजी जपून ठेवली, मिलिमीटर निवडले, ती खूण काढून टाकली आणि डीएक्सएफ घेऊन एसटी गाठली. सुवर्णाकडे पोचलो तेव्हा तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

सुवर्णाने फाइल उघडली. तिने चाक फिरवून फटी एकेक जवळून बघितल्या.

“हे टाके कुणी दिले?”

“पेंटरने.”

“कधी?”

“एकाहत्तर साली.”

तिने माझ्याकडे पाहिलं. थट्टा नाही हे तिला कळलं असावं. “काका, मी रोज हेच करते,” ती हळू म्हणाली. “मला असे जमले नसते. शिरोरेषेवरचा हा बघा, हा एक नसता तर पत्रा उन्हाने वाकला असता. आणि हा दिसतसुद्धा नाही.” मग तिने कामाच्या चिठ्ठीवर सही केली, पत्रा चढवला आणि ठिणग्या उडू लागल्या. या वेळी आतलं काही पडलं नाही.

शनिवारी सकाळी पत्रा झरोक्यात बसला. शिंत्रे वकील खाली उभे राहून बघत होते. “आतून ट्यूबलाइट लावा,” एवढंच म्हणाले. फ्लेक्सची गुंडाळी त्यांनी गाडीत परत ठेवली.

रविवारी मी गुलाबला बोलावलं नव्हतं. त्याने सांगितलं होतं तसं. पण पावणेनऊला तो आला, मुलीच्या हाताला धरून, काठी टेकत, पांढरा सदरा घालून, खाली मान घालून. “वर बघणार न्हाई,” तो आल्या आल्या म्हणाला. “मास्तरांचं नाव घ्यायला आलोय. कुणी माझी हनुवटी धरली तर बघा.”

माणसं अजून जमत होती. मी त्याला म्हणालो, आत चल, खुर्चीवर बस. मी पुढे झालो, तो मागे. उंबरा ओलांडून मी दहा-बारा पावलं आत गेलो तेव्हा मागचा त्याच्या काठीचा आवाज थांबला.

मी वळून पाहिलं. तो उभा होता आणि त्याचा हात, दोन्ही हात, हलायचे तसे हलत होते, पण मान जिथे होती तिथेच स्थिर होती. तो जमिनीकडे बघत होता. त्याच्याजवळ तेवढंच बघायला होतं.

मीही बघितलं. समोरून येणारं ऊन झरोक्यातून आत आलं होतं आणि नव्या कोऱ्या फरशीवर पडलं होतं. वाचनमंदिर. जरा लांबट झालेलं, पण सरळ. दारातून आत येणाऱ्याला वाचता यावं असं. हे कुणी ठरवलं नव्हतं. मास्तरांनी कंदिलाचा विचार केला होता, वकिलांनी ट्यूबलाइटचा. मी तर कसलाच नाही. मी आठ फटी शोधू लागलो. ‘व’च्या पोटाला नव्हत्या. ‘च’ला नव्हत्या. वेलांटीची कमान सबंध होती. एवढ्या उंचीवरून खाली येताना उन्हाच्या कडा मऊ झाल्या होत्या आणि एकमेकींना मिळाल्या होत्या. मी जे नऊ दिवस बसून केलं होतं, ते उन्हाने कशालाही हात न लावता केलं होतं.

बाहेर कुणीतरी माइक तपासत होतं. गुलाब एकेक अक्षर बघत होता, डावीकडून उजवीकडे, सावकाश. ओठ हलत होते. मला काहीतरी बोलायचं होतं, आणि मी खिशात चष्म्याचं घर शोधू लागलो.

“देशिंगकर,” तो म्हणाला.

“काय, गुलाबभाई?”

“पाय काढ. माझ्या ‘र’वर उभा हाईस.”

मी खाली पाहिलं. ऊन माझ्या चपलांवर आणि धोतराच्या काठावर चढलं होतं. मी बाजूला सरकलो, आणि अक्षर फरशीवर पुरं झालं.